उड्डाणाची पहिली पायरी जमिनीवर असते

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर सायंकाळी उभे राहिले की घाटकोपरच्या वस्त्यांवरून विमानतळाकडे उतरणारी विमाने स्पष्ट दिसतात. चाके बाहेर काढलेली, दिवे लावलेली, एकामागून एक. अभ्यासिकेची घंटा होईपर्यंत मुले ती मोजत बसतात. गेल्या सव्वीस वर्षांत या गच्चीवर आम्हांला एकच प्रश्न अनेकांनी विचारला आहे, "सर, हे चालवायला शिकायचं कसं?"

विमानतळाशी आपल्या समाजाचे नाते जुने आणि दुःखाचे आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्याच रात्री त्यांचा पार्थिव देह विमानाने सांताक्रूझला आणण्यात आला. विमानतळाबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या गर्दीत आमचे आजोबा होते. विमान त्यांनी इतक्या जवळून प्रथमच पाहिले, आणि पुन्हा कधी पाहू नये असे त्यांना वाटले. त्यांच्या पणतवंडांच्या वयाची मुले आज ते चालवण्याविषयी विचारतात, हा आमच्या मते आपल्या चळवळीचा लहानसा विजय नव्हे. परंतु या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या हातून एकदा गंभीर चूक घडली आहे. हा लेख त्या चुकीची परतफेड म्हणून लिहीत आहोत.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आपला एक माजी विद्यार्थी बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन आमच्याकडे आला. वडील महानगरपालिकेत सफाई कामगार. एका प्रशिक्षण संस्थेचे माहितीपत्रक त्याच्या हातात होते आणि शुल्काचा पहिला मोठा हप्ता आठवड्याच्या आत भरावयाचा होता. आम्ही त्याला म्हणालो, "भर पैसे. अशी संधी आपल्या पोरांना रोज येत नाही." वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल केली, उरलेली रक्कम पतपेढीतून काढली. पैसे भरले. वैद्यकीय तपासणी त्यानंतर झाली आणि मुलाला रंगांधळेपणा असल्याचे निष्पन्न झाले. लाल आणि हिरव्या रंगातला फरक त्याचे डोळे नीट ओळखत नव्हते. हे त्याला, त्याच्या घरच्यांना आणि सात वर्षे त्याला शिकवणाऱ्या आम्हांला ठाऊकच नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण दोष तिच्याइतकाच आमचा होता. तपासून न पाहता आम्ही सल्ला दिला होता, आणि शिक्षक सांगतात म्हणून त्या कुटुंबाने तो मानला होता.

भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीतील कालामांना केलेला उपदेश आपल्या विद्यालयात दरवर्षी शिकवला जातो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. स्वतः पारखून पाहा, हा त्याचा आशय. आम्ही तो फळ्यावर लिहीत होतो, पण ऐन वेळी विसरलो. पुढे या विषयाची माहिती घेत गेलो, माजी विद्यार्थ्यांबरोबर प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांवर जाऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की विमान चालवण्याचे सारे शिक्षण याच एका उपदेशावर उभे आहे. स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हा त्या विद्येचा पाया आहे.

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील राइट बंधू सायकलींचे दुकान चालवीत. दोघांपैकी एकाकडेही महाविद्यालयाची पदवी नव्हती. पंखाला हवेचा किती आधार मिळतो याचे तक्ते जर्मनीच्या ओटो लिलिएन्थाल यांच्या प्रयोगांवरून उपलब्ध होते आणि लिलिएन्थाल हे त्या काळचे सर्वमान्य नाव होते. आपले ग्लायडर त्या आकड्यांप्रमाणे उडत नाहीत हे पाहिल्यावर या भावांनी १९०१ मध्ये स्वतःचा वायुबोगदा तयार केला, पंखांचे सुमारे दोनशे नमुने त्यात तपासले आणि स्वतःचे तक्ते मांडले. १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा सेकंद आणि १२० फुटांचे पहिले उड्डाण झाले, त्यामागे मोठ्या माणसाच्या आकड्यांवर शंका घेण्याचे हे धैर्य होते. याउलट २०१५ च्या जानेवारीत, आपल्याच मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन भारतातील विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा अशा वेळी आधार दिला जातो, तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. पुराणातले विमान कोणालाही चालवता येते, त्याला इंधन लागत नाही. खऱ्या विमानाला लागते, आणि ते किती आहे हे स्वतः पाहावे लागते.

आपल्या उपनगरांत तर हा इतिहास हाताच्या अंतरावर आहे. अंधेरी आणि सांताक्रूझच्या मधोमध, जुहूला १९२८ च्या सुमारास विमानांचे मैदान झाले. बॉम्बे फ्लाइंग क्लब तेथलाच. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो येथेच शिकून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे येथेच उतरले. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. जुहूला मैदान तयार होण्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला आपले पूर्वज चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी चालत गेले होते. एकाच इलाख्यात काहींसाठी आकाश खुले होत होते आणि काहींसाठी तळेही बंद होते. हे अंतर एका उडीत पार करण्याची घाई आपल्या मुलांना होते, ती समजण्यासारखी आहे. पण नेमक्या त्याच घाईचा व्यापार करणारे लोकही आहेत. म्हणून नवशिक्यांनी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिली गोष्ट शरीराची. एक रुपयाही भरण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. खासगी परवान्यासाठी द्वितीय वर्गाची आणि व्यावसायिक परवान्यासाठी अधिक कडक अशी प्रथम वर्गाची तपासणी असते. पुढे व्यवसाय करण्याचा विचार असेल तर प्रथम वर्गाच्या कसोटीला आपण उतरतो का, हे आरंभीच पाहावे. चष्मा असणे हा बहुधा अडथळा ठरत नाही. रंगदृष्टी, श्रवण, रक्तदाब, हृदय यांची मात्र काटेकोर पाहणी होते.

दुसरी गोष्ट परवान्यांमधील फरकाची. वयाची १६ वर्षे पूर्ण झालेल्या, दहावी उत्तीर्ण मुलामुलीला विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. खासगी वैमानिकासाठी १७ वर्षे वय आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी २० तास एकट्याने, आणि त्यातले ५ तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे. अशा एका प्रवासात किमान १५० सागरी मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर, अंतर कापून वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून दाखवावे लागते. याखेरीज हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र व विमानाची तांत्रिक माहिती यांची लेखी परीक्षा आणि रेडिओवर बोलण्याचा स्वतंत्र परवाना. इतके करूनही खासगी परवान्यावर मोबदला घेऊन विमान चालवता येत नाही, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. नोकरीसाठी व्यावसायिक परवाना हवा. त्याला २०० तासांचे उड्डाण आणि आजवरच्या नियमाप्रमाणे बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात. "खासगी परवाना घ्या, लगेच नोकरी लागेल" असे सांगणाऱ्याच्या कार्यालयातून तत्काळ उठावे. नियम बदलत असतात, म्हणून आमचेही शब्द प्रमाण मानू नयेत. डीजीसीएच्या संकेतस्थळावर जाऊन त्या त्या वेळचा नियम स्वतः वाचावा.

तिसरी गोष्ट संस्था निवडण्याची. मुंबईच्या आकाशात आता शिकाऊ विमानांना जागा नाही. जुहूवर हेलिकॉप्टरांची वर्दळ असते आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षणही धुळ्याला चालते. बारामती, गोंदिया, नागपूर, शिरपूर अशा ठिकाणी जावे लागते, म्हणजे राहण्याजेवण्याचा खर्च आला. संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का हे पाहावे. मग प्रत्यक्ष जाऊन धावपट्टीच्या कडेला एक पूर्ण दिवस बसावे. एकूण विमाने किती आणि त्यांतली आज उडण्याच्या स्थितीत असलेली किती, शिक्षक किती, एका विद्यार्थ्याला महिन्याला किती तास मिळतात, हे विचारावे. उत्तरे कार्यालयात घ्यावीत आणि खानावळीत जेवणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ती पडताळावीत. आपल्या धम्मात 'एहिपस्सिको' हा शब्द आहे. या आणि पाहा. जी संस्था पाहू देत नाही, तिच्यात मुलाला घालू नये.

चौथी गोष्ट पैशांची. व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो. संपूर्ण रक्कम एकदम कधीही भरू नये, झालेल्या उड्डाण-तासांच्या हिशेबाने हप्ते भरावेत आणि परताव्याची अट लेखी घ्यावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, हे आपल्यातील फार थोड्यांना माहीत असते. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी ही केंद्र शासनाची संस्था प्रवेशपरीक्षा घेते आणि तेथे राखीव जागा असतात. इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने अशी योजना राबवलेली आहे. घर गहाण टाकण्यापूर्वी ही सर्व दारे ठोठवावीत. हा आपला हक्क आहे. त्यात संकोच कसला?

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. मुलुंडला राहणारी आपली एक माजी विद्यार्थिनी अलीकडेच या वाटेने गेली. तिने सांगितलेला एक प्रसंग आम्ही आता दरवर्षी वर्गात सांगतो. उड्डाणापूर्वी विद्यार्थ्याने विमानाभोवती पायी फिरून प्रत्येक भाग हाताने व डोळ्याने तपासावयाचा असतो. टाकीच्या तळाशी एक झडप असते. तिच्यातून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून पाहतात. या विमानांचे पेट्रोल निळसर असते आणि पाणी जड असल्याने खाली बसते. एका पहाटे तिच्या भांड्याच्या तळाशी पाण्याचे मणी दिसले. रात्रीच्या दमट हवेत असे घडू शकते. मागे उभा असलेला एक वरिष्ठ विद्यार्थी हसून म्हणाला, "अगं, काल संध्याकाळीच बघितलंय, चल." ती गेली नाही. शुद्ध निळे इंधन येईपर्यंत तिने चार वेळा भांडे भरून रिकामे केले. कोणाचाही अपमान न करता, कोणाच्या हसण्याने न डगमगता स्वतः खात्री करून घेणे, याहून मोठी बुद्धिवादाची शिकवण आम्ही पाठ्यपुस्तकात पाहिलेली नाही.

तिच्या आणि तिच्यासारख्या इतरांच्या अनुभवातून आणखी काही गोष्टी सांगतो. तपासणीची यादी तोंडपाठ झाली तरी हातात धरून वाचावी. स्मरणशक्तीचा अभिमान आकाशात उपयोगी पडत नाही. 'स्टॉल' या शब्दाने घाबरू नये आणि त्याचा अर्थही चुकीचा घेऊ नये. त्यात इंजिन बंद पडत नाही. विमानाचे नाक मर्यादेपेक्षा वर उचलल्याने पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते आणि आधार सुटतो. अशा वेळी मनाला वाटते की नाक आणखी वर ओढावे. शिक्षण सांगते की ते खाली सोडावे. भीती जे करायला सांगते त्याच्या उलट करण्याचा हा सराव शिक्षकाबरोबर, पुरेशा उंचीवर, पुन्हापुन्हा करावा. मे महिन्यात विदर्भ-खानदेशात तापलेली हवा विरळ होते, पंखांना आणि इंजिनाला तिचा आधार कमी मिळतो आणि तेच विमान अधिक लांब धावते. म्हणून पहाटेची वेळ धरावी. पावसाळ्यात महिना महिना उड्डाण होणार नाही, हे गृहीत धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा. टाटांचे टपाल विमानही पावसाळ्यात जुहूचे मैदान सोडून पुण्याला जात असे. निसर्गाशी हट्ट करण्यात शौर्य नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना रेडिओवरील इंग्रजीची धास्ती वाटते. ती निराधार आहे. ही भाषा मोजक्या ठरीव शब्दांची आहे. अक्षरांना अल्फा, ब्राव्हो अशी नावे, नवाला 'नाइनर', आणि नियंत्रकाची महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवण्याचा दंडक. आमची विद्यार्थिनी मुलुंड ते दादर लोकलमध्ये पुटपुटत सराव करीत असे. समजले नाही तर "पुन्हा सांगा" असे विचारणे हा तेथे कमीपणा नाही, कर्तव्य आहे. शाळेत हात वर करायला लाजणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उड्डाणापूर्वी स्वतःचीही तपासणी करावी. झोप झाली आहे का, औषध घेतले आहे का, घरी भांडून आलो आहोत का? मद्य घेतल्यास उड्डाणापूर्वी किमान बारा तास गेलेले असावेत असा नियम आहे. पंचशील पाळणाऱ्याला ही मोजदाद करण्याची वेळच येत नाही. मन ठिकाणावर नसेल तर त्या दिवशी न उडण्याचा निर्णय घेणारा विद्यार्थी आम्ही अधिक चांगला वैमानिक मानतो.

हे केवळ स्वतःच्या जिवासाठी नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूवरून चाचणी उड्डाणाला निघालेले एक लहान विमान घाटकोपरच्या सर्वोदय नगर भागात कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी मृत्युमुखी पडले. विमानाच्या खाली नेहमी कोणाची तरी वस्ती असते, आणि या शहरात ती बहुधा आपलीच असते. वर बसणाऱ्या आपल्या मुलाने हे कधीही विसरू नये.

अमेरिकेतील बेसी कोलमन यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने मिळवून वाचावे. कृष्णवर्णीय आणि त्यातून स्त्री, म्हणून त्यांच्या देशातील एकाही प्रशिक्षण संस्थेने त्यांना प्रवेश दिला नाही. शिकागोत नखे रंगवण्याचे काम करीत त्या फ्रेंच शिकल्या, फ्रान्सला गेल्या आणि १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन परतल्या. त्याच वर्षी बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळवली. दारे बंद असतील तर समुद्र ओलांडण्याची ही वृत्ती दोघांत समान होती. परंतु चरित्राचे शेवटचे पानही वाचावे. ३० एप्रिल १९२६ रोजी, दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगासाठी जागेची पाहणी करताना, त्या जुन्या विमानाच्या यंत्रणेत राहून गेलेला एक पाना अडकला, विमान उलटले, आणि खाली वाकून पाहता यावे म्हणून पट्टा न बांधलेल्या बेसी बाहेर फेकल्या गेल्या. सारे जग आडवे आले तरी जी स्त्री थांबली नाही, तिचा घात विसरलेल्या एका पान्याने केला. धैर्य आणि दक्षता यांपैकी एकच घेऊन चालत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

शेवटी विद्यालयाच्या व्यवस्थापनाला आणि माजी विद्यार्थी संघाला एक विनंती. नववीत येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची रंगदृष्टीसह नेत्रतपासणी करावी. ठिपक्यांचे आकडे ओळखण्याच्या पुस्तिकेला फार खर्च येत नाही आणि पाच मिनिटांत काम होते. त्यात दोष दिसला तर तज्ज्ञांकडून पुढची तपासणी करून घ्यावी. वैमानिक, रेल्वेचालक, सैन्यदल, अशा किती वाटांवर निघण्यापूर्वी मुलाला स्वतःविषयी सत्य कळेल! या स्मरणिकेच्या निमित्ताने एवढे झाले तरी आम्ही कृतार्थ होऊ.

ज्याच्यापासून हा लेख सुरू झाला तो विद्यार्थी आज सहारच्या मालवाहतूक विभागात काम करतो. पतपेढीचे कर्ज त्याने स्वतः फेडले. मागील वर्षी तो विद्यालयात आला तेव्हा आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही वाईट चिंतलं नव्हतं. फक्त आधी डोळे तपास म्हणाला असता तर बरं झालं असतं." मग तो गच्चीवर गेला आणि नववीच्या मुलांना उतरणाऱ्या विमानांचे प्रकार ओळखायला शिकवीत अभ्यासिकेची घंटा होईपर्यंत बसला. ठिपक्यांची पहिली पुस्तिका त्यानेच आणून दिली आहे. ती आमच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. ज्याला विमान चालवायचे आहे, त्याने आधी आमच्याकडे येऊन ती उघडावी.

जय भीम! नमो बुद्धाय!